व्हीए हॉस्पिटल चांगलं की वाईट? अमेरिकी माजी सैनिकांची दोन्ही उत्तरं खरी का असतात

अमेरिकेत पासष्टी उलटलेला एखादा माजी सैनिक घरात कोसळला आणि कुणी ९११ ला फोन केला, तर ॲम्ब्युलन्स त्याला कुठे नेणार? शेजारच्या खासगी हॉस्पिटलात, की माजी सैनिकांसाठी सरकार चालवतं त्या व्हीए हॉस्पिटलात? पुष्कळदा हे त्या वेळी कुठल्या सेवेची गाडी मोकळी होती यावर ठरतं, म्हणजे जवळजवळ नशिबावर. डेव्हिड चॅन, डेव्हिड कार्ड आणि लोवेल टेलर या अर्थशास्त्रज्ञांनी हाच योगायोग हाताशी धरला. ज्यांना दोन्हीकडे उपचार घेण्याचा हक्क होता अशा माजी सैनिकांच्या २००१ ते २०१४ या काळातल्या ॲम्ब्युलन्स फेऱ्यांच्या नोंदी त्यांनी तपासल्या आणि पुढच्या २८ दिवसांत कोण वाचलं ते पाहिलं. व्हीएत पोचलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी निघालं. खर्चही २१ टक्क्यांनी कमी.

आता याच काळातली दुसरी बातमी. एप्रिल २०१४ मध्ये सीएनएनने दाखवलं की ॲरिझोनातल्या फीनिक्स शहरातल्या व्हीए हॉस्पिटलात माजी सैनिकांची एक छुपी प्रतीक्षायादी आहे. लोक डॉक्टरची पहिली तारीख मिळण्याची महिनोन्‌महिने वाट पाहत होते आणि कागदोपत्री मात्र सगळं वेळेवर चाललं होतं. महिनाभरात खात्याच्या मंत्र्यांना जावं लागलं.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या एकमेकींना खोडतही नाहीत. ॲम्ब्युलन्समधून आलेला माणूस थेट आत जातो. फीनिक्सचे लोक दारात अडकले होते. व्हीएबद्दल माजी सैनिक जे काही सांगतात, कौतुक असो की शिव्या, ते आतलं बोलताहेत की दारातलं, हे आधी पाहावं लागतं. नाहीतर 'अमेरिकेत सैनिकांना देव मानतात' किंवा 'अमेरिकेत सैनिकांचे हाल कुत्रं खात नाही' यांपैकी एक काहीतरी ठरवून आपण मोकळे होतो.

व्हीए म्हणजे नेमकं काय

डिपार्टमेंट ऑफ व्हेटरन्स अफेअर्स हे अमेरिकेच्या केंद्र सरकारचं खातं. ही विमा योजना नाही. हॉस्पिटलच्या इमारती सरकारच्या, डॉक्टर आणि नर्सेस सरकारी पगारावर, औषधं सरकारी फार्मसीतून. सुमारे १७० मोठी हॉस्पिटलं आणि हजाराहून जास्त लहान दवाखाने. देशात १ कोटी ८० लाखांच्या आसपास माजी सैनिक आहेत, त्यातले साधारण ९० लाख इथे नोंदलेले. खासगी विम्यावर चालणाऱ्या अमेरिकेत हे एक चांगलं मोठं सरकारी बेट आहे, आणि म्हणूनच ते राजकारणाच्या तोफेच्या तोंडी कायम असतं. सरकारने आरोग्यसेवा चालवावी का, या वादात दोन्ही बाजूंना दाखला म्हणून व्हीएच सापडतं.

एक गोंधळ इथेच दूर करू. वॉल्टर रीड हे व्हीए हॉस्पिटल नव्हे. २००७ च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टन पोस्टने तिथल्या 'बिल्डिंग १८' मधली बुरशी धरलेली भिंत आणि उंदीर दाखवले, इराकहून जखमी होऊन आलेले जवान त्यात राहत होते; लष्कराच्या सचिवांना राजीनामा द्यावा लागला. पण ते लष्कराचं स्वतःचं हॉस्पिटल होतं, संरक्षण खात्याकडचं. सेवेत असेपर्यंत सैनिक त्या खात्याचा, गणवेश उतरल्यावर व्हीएचा. या दोन खात्यांच्या मधल्या फटीत कागदपत्रं, औषधं आणि कधीकधी माणसंही हरवतात. ही तक्रार फार जुनी आहे.

दुसरं म्हणजे, माजी सैनिक आहे म्हणून सगळं फुकट, असं नाही. नोंदणी करताना माणसाला १ ते ८ पैकी एका गटात टाकतात. नोकरीमुळे आलेलं अपंगत्व ५० टक्के किंवा त्याहून जास्त ठरलं तर पहिला गट. युद्धकैदी राहिलेले, लढाईत जखमी झाल्याबद्दल पर्पल हार्ट पदक मिळालेले तिसऱ्या गटात. आठव्यात बरं उत्पन्न असलेले आणि सेवेतून काही दुखणं न आलेले. जानेवारी २००३ मध्ये या गटाची नवी नोंदणीच बंद केली होती, पुढे ती थोडी सैल झाली. सैन्यातून शिस्तभंगाच्या कारणाने बाहेर काढलेल्यांची वाट आणखी अवघड, भले तो शिस्तभंग युद्धात डोकं फिरल्यामुळेच झालेला का असेना. आणि दात! दातांचे पूर्ण उपचार फार थोड्यांना मिळतात. हृदयाची शस्त्रक्रिया व्हीएत झाली, पण कवळीसाठी स्वतःच्या खिशातून पैसे मोजले, असं सांगणारे कितीतरी भेटतील.

टक्केवारीचं गणित

व्हीएबद्दलचा निम्मा राग खरं तर हॉस्पिटलवर नसतोच. तो असतो अपंगत्वाच्या दाव्यांवर. दावे पाहणारा विभाग वेगळा आणि हॉस्पिटलं चालवणारा वेगळा, पण दोघांच्या पाटीवर अक्षरं तीच, त्यामुळे बोलताना सगळं 'व्हीए'च.

दाव्याचं काम असं चालतं. गुडघा गेला, कान गेले, झोपेत किंचाळत उठतो, यातलं प्रत्येक दुखणं सेवेमुळे आलं हे दाखवायचं. तपासणीला बोलावतात, आणि ती पुष्कळदा कंत्राटी डॉक्टर करतो, ज्याला रुग्ण पुन्हा कधी दिसणार नसतो. मग प्रत्येक दुखण्याला टक्के मिळतात. पण ५० आणि ३० मिळून ८० होत नाहीत. आधीच्या ५० टक्क्यांनंतर माणूस '५० टक्के धडधाकट' उरला, म्हणून पुढचे ३० टक्के त्या उरलेल्या ५० चे: म्हणजे १५. बेरीज ६५, आणि जवळच्या दहात बसवून ७०. माजी सैनिक याला 'व्हीए मॅथ' म्हणतात, आणि हसत म्हणत नाहीत. या आकड्यावर दरमहाची रक्कम ठरते, उपचारांत आपला वाटा भरायचा की नाही ते ठरतं, दात ठरतात. आकडा चुकला तर अपील, आणि अपिलांत वर्षं जातात.

सर्वांत कडू अनुभव कुणाचे असतील, तर ज्यांच्या दुखण्याचा बंदुकीच्या गोळीशी संबंध नव्हता त्यांचे. व्हिएतनाममध्ये झाडं उघडी पाडायला फवारलेल्या एजंट ऑरेंज या रसायनामुळे कर्करोग झाला, हे एकेका माणसाने सिद्ध करायचं तरी कसं? १९९१ मध्ये कायदा झाला, की तुम्ही तिथे होतात आणि यादीतला आजार झाला, तर संबंध गृहीत धरला जाईल. युद्ध संपून तोवर पंधरा-सोळा वर्षं झाली होती. इराक आणि अफगाणिस्तानात तीच कथा: तळावरचा कचरा, प्लास्टिक, बॅटऱ्या, दवाखान्याचा कचरा सगळं एका खड्ड्यात टाकून विमानाचं इंधन ओतून पेटवायचे, आणि त्या धुरात जवान राहायचे. फुप्फुसं गेलेल्यांना दाव्यावर नकार मिळत राहिले, शेवटी १० ऑगस्ट २०२२ ला पॅक्ट नावाच्या कायद्यावर सही झाली आणि हे आजारही गृहीत धरले जाऊ लागले. दरम्यान जे गेले ते दारातच गेले.

आत काय बरं चालतं

दुसऱ्या महायुद्धानंतर जनरल ओमार ब्रॅडलीकडे माजी सैनिकांची जबाबदारी आली. घरी येणारे जवान लाखांनी आणि सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर नाहीत. जानेवारी १९४६ मध्ये ठरलं, की व्हीए हॉस्पिटलं वैद्यकीय महाविद्यालयांना जोडायची: महाविद्यालयांना शिकायला रुग्ण, व्हीएला शिकलेले डॉक्टर. ही व्यवस्था आजही चालते. अमेरिकेतल्या जवळजवळ ७० टक्के डॉक्टरांनी शिकताना कधी ना कधी व्हीएत काम केलेलं असतं. आपल्याकडून एमबीबीएस करून रेसिडेन्सीला तिकडे गेलेला कुणी ओळखीचा असेल तर विचारून पाहा. बहुतेकांकडे व्हीएतल्या म्हाताऱ्यांची एखादी गोष्ट असते. याची दुसरी बाजू रुग्ण सांगतात: दर जुलैत शिकाऊ डॉक्टर बदलतात, आणि आपली सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते.

संशोधनही इथे मोठं झालं. रोझलिन यॅलो यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स व्हीएत केलेल्या कामाला १९७७ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी न्यू ऑर्लिन्स व्हीएच्या अँड्र्यू शॅली यांनाही. तरी ऐंशीच्या दशकापर्यंत व्हीएचं नाव वाईटच होतं. १९९४ मध्ये व्हीएच्या आरोग्यसेवेचे प्रमुख म्हणून केनेथ काइझर आले आणि त्यांनी हॉस्पिटलांतल्या जवळपास निम्म्या खाटा कमी करून गावोगावी बाह्यरुग्ण दवाखाने काढले. खाटा कमी करून सेवा सुधारते हे ऐकायला उलटं वाटतं. पण मधुमेही माणसाला खाट नको असते. दर तीन महिन्यांनी साखर, पाय आणि डोळे पाहणारं कुणीतरी हवं असतं.

आणि संगणक. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस काही डॉक्टर आणि प्रोग्रामर मंडळींनी वरिष्ठांचा विरोध असताना, जवळजवळ लपूनछपून, रुग्णनोंदींची प्रणाली लिहायला घेतली. तीच पुढे व्हिस्टा म्हणून नावाजली गेली. २००५ मध्ये कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्स बुडालं, तेव्हा खासगी दवाखान्यांच्या कागदी फायली चिखलात गेल्या आणि व्हीएच्या रुग्णांच्या नोंदी काही दिवसांत दुसऱ्या शहरांतल्या डॉक्टरांच्या पडद्यावर होत्या. कॅन्ससमधल्या टोपेका व्हीएतल्या स्यू किनिक या नर्सने १९९२ मध्ये भाड्याची मोटार परत करताना कर्मचाऱ्याला गाडीवरचा बारकोड वाचताना पाहिलं आणि तिच्या मनात आलं, की रुग्णाच्या मनगटावर आणि औषधाच्या पुडीवर असाच बारकोड का नको? चुकीच्या माणसाला चुकीचं औषध जाणं त्यामुळे कितीतरी कमी झालं. ही पद्धत मग सगळ्या व्हीएत गेली, आणि तिथून जगभर.

पण आतलं बरं चालण्याचं खरं कारण माझ्या मते वेगळंच आहे. खासगी विमा कंपनीचा ग्राहक दोन-तीन वर्षांत नोकरी बदलतो आणि दुसऱ्या कंपनीकडे जातो. त्याचे पाय दहा वर्षांनी कापावे लागू नयेत यासाठी आज पैसे खर्च करण्यात त्या कंपनीला फायदा नसतो. व्हीएचा रुग्ण मरेपर्यंत व्हीएचाच. त्याचा बिघडलेला मधुमेह उद्या व्हीएच्याच गळ्यात येणार. डॉक्टरला पगार ठरलेला, त्यामुळे जास्तीची तपासणी लिहून त्याला काही मिळत नाही. याचा परिणाम २००४ मधल्या एका अभ्यासात दिसला: मान्यताप्राप्त निकषांप्रमाणे जे उपचार व्हायला हवेत, त्यातले व्हीएच्या रुग्णांना ६७ टक्के मिळत होते, बाहेर तशाच रुग्णांना ५१ टक्के. २०२३ मध्ये सरकारच्या नेहमीच्या तारांकनात व्हीए हॉस्पिटलं पहिल्यांदा घेतली, तेव्हा त्यातल्या ६७ टक्के हॉस्पिटलांना चार किंवा पाच तारे मिळाले. बाकीच्यांत हे प्रमाण ४१ टक्के होतं.

फीनिक्समध्ये झालं तरी काय

हे जरा सावकाश समजून घेण्यासारखं आहे, कारण यात एकही माणूस सिनेमातला खलनायक नाही.

इराक आणि अफगाणिस्तानातून तरुण परतत होते. व्हिएतनामवाले म्हातारे होत होते. एजंट ऑरेंजच्या यादीत २०१० मध्ये हृदयविकार आणि पार्किन्सन्स आले, त्यामुळे लाखो नवे दावे आणि नवे रुग्ण आले. ही यादी वाढवणारे मंत्री होते एरिक शिन्सेकी, स्वतः व्हिएतनाममध्ये सुरुंगात पायाचा भाग गमावलेले जनरल. त्यांच्याच काळात वरून नियम आला: अपॉइंटमेंट १४ दिवसांच्या आत मिळाली पाहिजे. हॉस्पिटलच्या प्रमुखांचं मूल्यमापन, आणि त्यातून बोनस, या आकड्याशी जोडला गेला.

फीनिक्सला इतके डॉक्टरच नव्हते. मग क्लार्क काय करणार? रुग्णाचा फोन आला. पहिली मोकळी तारीख तीन महिन्यांनी. क्लार्क ती तारीख सांगतो, रुग्ण नाइलाजाने बरं म्हणतो, आणि क्लार्क 'रुग्णाला हवी असलेली तारीख' या रकान्यात तीच तारीख भरतो. हवी असलेली तारीख आणि मिळालेली तारीख एकच, म्हणजे प्रतीक्षा शून्य दिवस! दुसरी युक्ती याहून साधी: नव्या रुग्णाचं नाव संगणकाच्या यादीत टाकायचंच नाही, कागदावर ठेवायचं. यादीत नाव नाही म्हणजे तो वाट पाहतच नाही.

सॅम फूट या तिथल्याच निवृत्त डॉक्टरांनी हे उघड केलं. खात्याचा कारभार तपासणाऱ्या महानिरीक्षकांचा अंतरिम अहवाल मे २०१४ मध्ये आला. हॉस्पिटलने कळवलेली सरासरी प्रतीक्षा होती २४ दिवस. २२६ जणांच्या नमुन्यात प्रत्यक्ष निघाली ११५ दिवस. सुमारे १,७०० माजी सैनिक तर कुठल्याच अधिकृत यादीत नव्हते. वाट पाहताना ४० जण मेले, हा आकडा तेव्हा सगळीकडे फिरला. ते मृत्यू विलंबामुळेच झाले असं ठामपणे म्हणता येत नाही, असं ऑगस्टमधल्या अंतिम अहवालाने लिहिलं. माजी सैनिकांना ते वाक्य झोंबलं, आणि मला त्यांचा राग समजतो. पण ते वाक्य चूकही नव्हतं: वाट पाहणारे पुष्कळसे वयस्क आणि आजारी होते, आणि तारीख आधी मिळाली असती तर काय झालं असतं हे फाइलवरून कुणाला सांगता येणार?

शिन्सेकींनी ३० मे ला राजीनामा दिला. चौकशी इतर शहरांत गेली आणि तीच युक्ती ठिकठिकाणी सापडली. फीनिक्सने ती शोधून काढली नव्हती. १४ दिवसांचा आकडा जिथे जिथे डॉक्टरांशिवाय पोचला होता, तिथे तिथे ती आपोआप उगवली होती.

मग दार रुंद केलं, आणि नवे प्रश्न आले

२०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या संसदेने 'चॉइस' कायदा केला: ४० मैलांच्या आत व्हीए नसेल किंवा ३० दिवसांत तारीख नसेल तर बाहेरच्या खासगी डॉक्टरकडे जा, पैसे व्हीए देईल. सुरुवातीला हे ४० मैल सरळ रेषेत, पक्षी उडतो तसे मोजले. मधे डोंगर आणि दीड तासाचा घाट असला तरी नकाशावर ३८ मैल भरले की हक्क गेला. पुढच्या वर्षी रस्त्याने मोजायला लागले. मधे नेमलेल्या कंपन्यांनी खासगी डॉक्टरांची बिलं थकवली आणि वसुलीवाल्यांचे फोन माजी सैनिकांच्या घरी आले. 

त्यानंतर २०१८ चा 'मिशन' कायदा आला, २०१९ च्या जूनपासून लागू. आता साध्या डॉक्टरसाठी ३० मिनिटांचा गाडीचा रस्ता किंवा २० दिवस, तज्ज्ञासाठी ६० मिनिटं किंवा २८ दिवस. त्याहून जास्त झालं तर बाहेर जाण्याचा हक्क.

बाहेर खरंच लवकर तारीख मिळते का? २०१९ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात १५ मोठ्या शहरांची तुलना होती. २०१४ मध्ये नव्या रुग्णाला व्हीएत सरासरी २२.५ दिवस लागत, खासगीत १८.७. २०१७ मध्ये व्हीएत १७.७ आणि खासगीत २९.८. हाडांचे डॉक्टर सोडले तर व्हीए पुढे गेलं होतं. (व्हीएचे हे आकडे व्हीएच्याच संगणकातले आहेत. फीनिक्सनंतर ते शंका घेऊनच वाचणारे माजी सैनिक खूप आहेत, आणि त्यात वावगं काही नाही.)

खेड्यातल्या माणसाला घराजवळ डॉक्टर मिळाला तर बरंच, त्याबद्दल वाद नाही. पण बाहेरच्या डॉक्टरला तुम्ही कुठे लढलात, कुठला धूर फुप्फुसात गेला, हे विचारायची सवय नसते. त्याच्या कागदावरचं औषध व्हीएच्या पडद्यावर वेळेवर येत नाही. आणि बाहेर जाणारा पैसा त्याच खात्याच्या तिजोरीतून जातो. तो वाढला की आतले डॉक्टर नेमायला कमी उरतो, तारखा लांबतात, त्यामुळे आणखी लोक बाहेर पाठवावे लागतात. खासगीकरणाचा वाद तिथे आहे. बाहेर जाण्याची सोय हवीच, असं मला वाटतं. पण ती आतल्या डॉक्टरांच्या पगारातून काढू नये.

शहर बदललं की अनुभव बदलतो

'एक व्हीए पाहिलं म्हणजे एकच व्हीए पाहिलं,' असं तिथे म्हणतात. विस्कॉन्सिनमधल्या टोमा इथे वेदनाशामक अफूजन्य गोळ्या इतक्या वाटल्या गेल्या, की रुग्णच त्याला 'कँडी लँड' म्हणू लागले. २०१५ मध्ये ते बाहेर आलं. वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला एका रात्रपाळीच्या मदतनीस बाईने वृद्ध रुग्णांना गरज नसताना इन्सुलिन टोचून मारलं. २०२१ मध्ये तिला जन्मठेप झाली. वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनला २०२० मध्ये जुन्या व्हिस्टाच्या जागी नवी महागडी प्रणाली बसवली, तर डॉक्टरांनी लिहिलेल्या ११,००० हून जास्त सूचना कुणालाच न दिसणाऱ्या एका रांगेत जाऊन पडल्या आणि रुग्णांना इजा झाली. एप्रिल २०२३ मध्ये ती पुढे पसरवणं थांबवावं लागलं. घरच्यांनी बनवलेली चांगली वस्तू उगाच टाकून बाजारातली आणली, असंच हे झालं.

त्याच वेळी दुसऱ्या शहरातला माणूस सांगतो, की कृत्रिम पाय बसवणारी व्हीएसारखी टीम त्याला बाहेर कुठे भेटली नाही. बिल घरी येत नाही हे सुख अमेरिकेत राहिल्याशिवाय कळत नाही. आणि वेटिंग रूम. शेजारी बसलेल्याच्या टोपीवर युनिटचं नाव असतं, त्यावरून गप्पा सुरू होतात, कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. याला उपचार म्हणावं की नाही ठाऊक नाही, पण पुष्कळ जण त्यासाठीच येत राहतात.

बायकांना मात्र हीच वेटिंग रूम वेगळी भेटते. २०१९ च्या एका अभ्यासात व्हीएत येणाऱ्या दर चारपैकी एका स्त्रीने सांगितलं, की तिथे पुरुष माजी सैनिकांनी तिला उद्देशून नको ते बोललं किंवा छेड काढली. 'नवऱ्याला घेऊन आलात का?' हा प्रश्न तर स्वतः युद्ध पाहून आलेल्या बाईला काउंटरवरही ऐकावा लागतो. सैन्यातच लैंगिक अत्याचार सोसलेल्या बाईने त्याच प्रकारच्या पुरुषांच्या गर्दीतून उपचाराला जायचं, ही अडचण कुठल्या तारांकनात येत नाही.

मानसिक उपचारांबद्दल एकच सांगतो. अमेरिकेत दिवसाला साधारण १७ माजी सैनिक आत्महत्या करतात. त्यातले सुमारे साठ टक्के नजीकच्या काळात व्हीएच्या दवाखान्यात आलेलेच नसतात. हेल्पलाइन २००७ पासून आहे, आता ९८८ लावून १ दाबायचं.

आपल्याकडे कसं आहे

सातारा-सांगलीकडच्या घरात हे वाचताना ईसीएचएस, म्हणजे आपल्या माजी सैनिकांची आरोग्य योजना, आठवणारच. १ एप्रिल २००३ ला ती योजना सुरू झाली. त्याआधी निवृत्त जवानाला लष्करी हॉस्पिटलात जागा असेल तर उपचार मिळत. पण तिचा सांगाडा व्हीएच्या जवळजवळ उलटा आहे. निवृत्त होताना एकदाच वर्गणी भरायची, ती हुद्द्याप्रमाणे. मग देशभरच्या चारशेहून जास्त पॉलिक्लिनिकांपैकी आपल्यात जायचं. तिथे खाटा नसतात. पुढचे उपचार रेफरल घेऊन, जवळ असेल तर पुण्याच्या कमांड हॉस्पिटलसारख्या किंवा मुंबईच्या अश्विनीसारख्या लष्करी हॉस्पिटलात, नाहीतर पॅनेलवरच्या खासगी हॉस्पिटलात, सरकारी दराने. म्हणून तक्रारीही निराळ्या. औषध 'एनए' (उपलब्ध नाही) आहे, पुढच्या आठवड्यात या. खासगी हॉस्पिटल म्हणतं बिलं थकलीत, आम्ही रुग्ण घेत नाही. कॅगच्या २०१५ च्या अहवालात औषधांच्या तुटवड्यापासून बिलांच्या घोळापर्यंत हे सगळं आहे. अमेरिकेने 'चॉइस' काढून जी वाट धरली, तिच्यावर आपण दहा वर्षं आधीपासून चालत आहोत. बाहेर पाठवलेल्या रुग्णाच्या बिलाचं काय होतं, हे त्यांना इथल्या एखाद्या सुभेदार मेजरनेही सांगितलं असतं.

सध्या

मार्च २०२५ मध्ये व्हीएचं एक अंतर्गत टिपण बाहेर आलं: सुमारे ८०,००० पदं कमी करायची. ओरड झाल्यावर जुलैत खात्याने सांगितलं, की सरसकट कपात नाही, पण राजीनामे आणि निवृत्त्या धरून सप्टेंबरअखेर जवळपास ३०,००० माणसं कमी होतील. ऑगस्टमध्ये महानिरीक्षकांच्या पाहणीत ९४ टक्के हॉस्पिटलांनी डॉक्टरांची आणि ७९ टक्के हॉस्पिटलांनी नर्सेसची तीव्र टंचाई कळवली. खात्याचं म्हणणं, ही पाहणी हॉस्पिटलांच्या मतावर आधारलेली आहे, रिकाम्या जागांच्या मोजणीवर नव्हे. असेलही. प्रत्येक व्हीए हॉस्पिटलच्या प्रतीक्षेचे दिवस आता सरकारी संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. येत्या काळात ते आकडे पाहताना शेजारी त्या हॉस्पिटलात डॉक्टर किती उरलेत हा आकडाही ठेवावा लागेल. डॉक्टर कमी झाले आणि दिवस मात्र वाढलेच नाहीत, असं कुठे दिसलं, तर तिथल्या क्लार्कला भेटायला हवं.